दोन शिळांमध्ये न मावलेले नाव

२६ सप्टेंबर १९४२. ‘फेनविक हिल’ या मालवाहू जहाजावर अडतीस जीव होते. अकरा वाचले.

उरलेल्या सत्तावीसांमध्ये आमच्या टॅनर्स हार्बर गावचा ओबेड वेस्टहेव्हर होता. जहाजात इंग्लंडकडे जाणारे लाकूड आणि पीठ होते, पाणबुडीचा टॉर्पेडो इंजिनघराला लागला आणि ओबेड इंजिनघरात होता. यापलीकडे त्याच्या मृत्यूविषयी कोणालाही काही ठाऊक नाही. ही हकीकत त्याची नाही. ती त्याच्या बायकोची, सलोमीची आहे. मरण त्याच्या वाट्याला आले. ते मरण कोणत्या प्रकारचे होते हे गावाकडून मान्य करून घेण्याचे काम तिच्या वाट्याला आले, आणि त्या कामाला तिचे उरलेले आयुष्य लागले.

आमच्या गावात मृतांच्या दोन शिळा आहेत. एक चर्चसमोरच्या चढावर, युद्धात पडलेल्यांची. तिच्यावरची नावे आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने कोरलेली. दुसरी खाली धक्क्यावर, मासेमारीत गेलेल्यांची. या दुसरीवरची नावे जोडीने आहेत. त्या काळी मोठे शिडाचे जहाज खोल समुद्रात थांबे आणि त्यावरून सपाट बुडाच्या लहान होड्या, म्हणजे डोऱ्या, पाण्यात सोडल्या जात, एकेका डोरीत दोन माणसे. धुक्यात हरवले तर दोघे हरवत, म्हणून दगडावरही दोघे शेजारी. जोडीतला एक गेला आणि दुसरा वाचला, तर गेलेल्याच्या शेजारची जागा कोरी ठेवायची असा रिवाज होता. वाचलेला पुढे म्हातारा होऊन अंथरुणात मेला तरी ती जागा भरत नसत. दर सप्टेंबरात ओहोटी लागली की धक्क्यावर नावे वाचत आणि पुष्पचक्रे पाण्यात सोडत. नोव्हेंबरात तोच विधी चढावर होई. तिथे पाणी नसे, बिगूल असे.

सलोमीचे वडील धक्क्यावरच्या शिळेवर होते आणि १९१७ साली फ्रान्समध्ये पडलेला थोरला भाऊ चढावरच्या. दोन्ही दगडांशी तिचे नाते होते, म्हणून दोन्ही दगडांचे नियम आपल्याला माहीत आहेत असे ती धरून चालली होती.

तिचे लग्न १९२९च्या वसंतात झाले. दोन वर्षांत कॉड माशाचा भाव असा कोसळला की जहाजे भरून येत आणि घरे रिकामीच राहत. पुरुष समुद्रावर असत तेव्हा बायका किनाऱ्यावरच्या लाकडी माच्यांवर खारवलेल्या कॉडचे वाळवण घालत. सकाळी मासे उलगडायचे, दुपारी उलटायचे, धुके दिसले की धावत जाऊन रचून झाकायचे. धुके आमच्याकडे विचारून येत नाही. एक वाळवण ओले झाले तर महिन्याचे पीठ गेले, एवढा साधा हिशोब होता. सरकारी मदतीची चिठ्ठी घ्यायला लोक मागच्या दाराने जात आणि पुढच्या दाराने एकमेकांना हवापाण्याविषयी विचारत. त्या दशकात गावाने भूक सोसली, परंतु तिच्याविषयी बोलण्याची लाज मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. गरिबीचे हे शिक्षण सलोमीला पुढे उपयोगी पडले नाही. तिला पुढे जे करायचे होते त्यासाठी नेमकी तीच लाज सोडावी लागणार होती.

ओबेडचा डोरीतला जोडीदार टायटस नॉस हा त्यांच्या मासेमारी जहाजाचे कप्तान एफ्रेम नॉस यांचा धाकटा भाऊ. तो अविवाहित होता आणि जमिनीवर असला की जेवायला सलोमीकडे असे. खारा कॉड, उकडलेले बटाटे, आंबवलेला कोबी आणि काकवी घातलेला पाव, हे चारही पदार्थ तो नावे ठेवत खाई.

“सलोमी, तुझ्या कोबीला वास येतोय.”

“कोबीला नाही, तुझ्या मोज्यांना येतोय. बूट बाहेर काढून ये.”

“नवऱ्याला नाही बोलत असं कधी.”

“त्याला बोलायला तो घरी असतो कुठं?”

“ते खरं. घरी तो तुझा, डोरीत माझा. आणि असतो जास्त डोरीतच.” मग ओबेडकडे वळून, “काय रे, बरोबर ना?” ओबेड बटाटा सोलत राही. तो बोलणारा माणूस नव्हता.

अकरा हंगाम ते दोघे एका डोरीत होते. १९३६च्या हिवाळ्यात डोरी जहाजापासून तुटली, तेव्हा हिमात ओबेडच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. वल्ही मारता येत होती. म्हणून त्याने ते फारसे मनावर घेतले नाही.

युद्ध सुरू झाल्यावर तो नौदलात भरती होण्यासाठी हॅलिफॅक्सला गेला. डॉक्टरने त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि त्याला परत पाठवले. आठवड्याभरात तो मालवाहू जहाजावर लागला होता. निघण्याच्या सकाळी सलोमी त्याच्या पिशवीत लोकरीचे हातमोजे भरत होती. उजव्याची दोन बोटे तिने विणतानाच बंद केली होती.

“नौदलाला नको असलेला माणूस या लोकांना कसा चालतो?”

“त्यांना बोटं मोजायला वेळ नाही.”

“आणि पाणबुडी? ती आधी विचारणारे का, तू सैनिक की हमाल म्हणून?”

“विचारलं तर सांगीन, मासेमार.”

पुढच्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला. चर्चमधल्या सामुदायिक जेवणाला एलरी वेंटझेल नव्या गणवेशात हजर होता. त्याची तुकडी निघायची होती. टेबलापलीकडून तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “काय ओबेड, समुद्राची हवा खायचा पगार मिळतो म्हणे तुला?” लोक हसले. ओबेड म्हणाला, “हवेचा नाही. पाण्याचा.” तेव्हाही लोक हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. ज्याच्या अंगावर खूण नाही त्याचे धाडस ओळखण्याची सवय गावाला नव्हती, इतकेच. समाज आपल्या बऱ्याच अन्यायांना दुष्टपणाने नव्हे, अशा सवयींनी जन्म देतो.

ओबेड गेल्याची तार आली तेव्हा त्यांची मुलगी अर्डिथ आठ वर्षांची होती. विधवेचे पेन्शन पुढे मिळाले. त्याविषयी सलोमीने कधी तक्रार केली नाही आणि या हकीकतीत त्याचा प्रश्नही नाही. ती शेजारच्या गावातल्या गोदीत कामाला लागली, जहाजांच्या पोटाला शेंदरी रंग लावण्याच्या. गोदीत तिच्यासारख्या पुष्कळ बायका होत्या. १९४५च्या शरदात मुकादमाने त्यांना एका रांगेत बोलावले.

“बाई, तुमचं काम चोख होतं. पण आता मुलं परत आलीयत.”

“सगळी नाही आली,” सलोमी म्हणाली, आणि रंगाचा ब्रश धुऊन जागेवर ठेवला.

परत आलेल्यांना काम मिळावे याला तिचा विरोध नव्हता. मोजताना कोणाला मोजले आणि कोणाला सोडले, हा तिचा प्रश्न होता. तो तेव्हा तिलाही नीट मांडता आला नसता. तो तिला समजला १९४७च्या नोव्हेंबरात.

त्या दिवशी चढावरच्या शिळेची वाढवलेली बाजू खुली होणार होती. नव्या युद्धातले मृत तिच्यावर कोरले होते आणि ते काम माजी सैनिकांच्या सभागृहाच्या समितीने केले होते. एलरी वेंटझेल तिचा अध्यक्ष. नाव वाचले की त्या मृताच्या मुलाने किंवा मुलीने पुढे होऊन पुष्पचक्र ठेवायचे असे ठरले होते. सलोमीने देवदाराच्या डहाळ्यांचे चक्र बांधून अर्डिथच्या हातात दिले होते. एलरीने स्वतःच्या भावाचे नाव वाचले. हार्वे वेंटझेल इटलीत पडला होता. त्यानंतर वेस्टहेव्हर यायला हवे होते. एलरीने झिंक वाचले. झिंकचा मुलगा पुढे गेला, बिगूल वाजला. अर्डिथ चक्र घेऊन उभीच राहिली.

लोक पांगल्यावर सलोमी एलरीकडे गेली.

“तू ओबेडला गाळलंस.”

एलरीला खरोखरच आश्चर्य वाटले. “अगं, तो धक्क्यावर असेल ना? तो मासेमार होता.”

तशीच ती उतारावरून कप्तान नॉस यांच्याकडे गेली. कप्तान धक्क्यावरच्या समितीचे प्रमुख होते आणि १९४३ साली टायटसचे नाव त्यांनीच तिथे कोरून घेतले होते. तो धुक्यात हरवला, त्याच्यासोबतचा नवखा जोडीदार वाचला. कप्तान जाळे विणत बसले होते. तिचे ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली.

“पोरी, मला वाटलं तो वर चढावर असणार. युद्धात गेला तो.”

“मलाही तेच वाटलं. म्हणून पाच वर्षं सप्टेंबरात मी गप्प बसले.”

अशी चूक दोन शिळा असलेल्या गावातच होऊ शकते. ज्या गावात एकच दगड असतो तिथे नाव नसले तर नसते, आणि ते दिसते. आमच्याकडे प्रत्येकाने गृहीत धरले की दुसऱ्या दगडाने हे केले आहे; आणि गृहीत धरण्यात कोणाचेही दुःख खोटे नव्हते.

चूक उघड झाल्यावर ती दुरुस्त होईल असे सलोमीला वाटले. आठवड्याने ती पुन्हा एलरीकडे गेली, तेव्हा चुकीची जागा नियमाने घेतली होती.

“सलोमी, नियम मी केलेला नाही. गणवेशात मरण आलं असेल तरच.”

“टॉर्पेडोनं त्याचा गणवेश पाहिला नाही.”

“ते लोक करारावर होते. वाटलं तर उतरता यायचं त्यांना. माझा भाऊ पगारासाठी नव्हता गेला.”

“हार्वेला पगार नव्हता?”

एलरी लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता. भावाच्या मरणाला काही अर्थ राहावा म्हणून त्याला त्याच्याभोवती कुंपण लागत होते, आणि कुंपणाला बाहेरची बाजू असतेच.

पुढच्या वसंतात कप्तान नॉस स्वतः सलोमीच्या स्वयंपाकघरात आले. तेव्हा ती नव्याने सुरू झालेल्या मासे गोठवण्याच्या कारखान्यात जाऊ लागली होती. वाळवणाचे माचे मोडून लोकांनी जळणाला नेले होते. कप्तानांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“टायटसच्या शेजारी जागा कोरी आहे.”

“माहीत आहे मला.”

“अकरा हंगाम दोघं एका डोरीत होते. तिथं ओबेड नाही तर कोण शोभणार? समितीला विचारलंय मी. कोणी नाही म्हणणार नाही.”

“त्या जोडीच्या वर काय लिहिलंय, कप्तान?”

“लिहिलंय आपलं. जहाजाचं नाव आणि त्रेचाळीस.”

“ओबेड बेचाळीसमध्ये गेला. आणि त्या डोरीत तो नव्हता.”

“पोरी, दगड आहे तो. कोर्ट नाही.”

अर्डिथ दाराशी उभी राहून ऐकत होती; चौदा वर्षांची झाली होती. “आई, हो म्हण ना. कुठं तरी असू दे नाव.”

सलोमीला मोह झाला नाही असे म्हणणे तिच्यावर अन्याय होईल. कप्तान देत होते ती त्यांच्या घरातली सर्वांत जपलेली वस्तू होती, भावाच्या शेजारची जागा; आणि आमच्या गावात याहून मोठा मान नव्हता. ओबेडला स्वतःला विचारले असते तर तो कदाचित टायटसशेजारीच जाऊन बसला असता. परंतु तो मासेमार म्हणून मेला असे एकदा दगडावर आले की चढावरच्यांचा प्रश्न सुटत होता. मग कोणालाही काही मान्य करावे लागणार नव्हते. एका शिळेचे देणे दुसऱ्या शिळेने चुकते केले असते, तेही खोट्या वर्षाने.

“नको, कप्तान,” ती म्हणाली. “टायटसच्या शेजारी तो हवा होता मला. पण तो तिथं मेला नाही.”

कप्तान उठले. दारात म्हणाले, “हट्टी आहेस.” त्यात रागापेक्षा थकवा अधिक होता.

अर्डिथने त्या दिवशी जे म्हटले ते सलोमीनेच पुढे आम्हाला सांगितले, काहीही न गाळता: “तुला बाबा नकोत. तुला भांडण हवंय.” अठरा पूर्ण होताच ती परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी हॅलिफॅक्सला गेली, आणि नंतर कित्येक वर्षे नाताळला येई ती पाहुण्यासारखी. सलोमीचा निर्णय योग्य होता असे मी मानतो. तरीही त्याची किंमत तिने एकटीने दिली नाही, हे नोंदवल्याशिवाय तिचे चरित्र प्रामाणिक होणार नाही. सत्याचा आग्रह धरणारा माणूस पुष्कळदा दुसऱ्याच्या गरजेवर उभा राहून तो धरतो.

त्यानंतर दर ऑक्टोबरात सलोमी माजी सैनिकांच्या सभागृहाकडे जाऊ लागली. सुरुवातीला बायकांना आत प्रवेश नव्हता. ती पायरीवर उभी राहून एलरीला बोलावून घेई. प्रश्न एकच असे. पुढे पुढे ती रस्त्याच्या वळणावर दिसली की एलरीच बाहेर येई.

“सलोमी, नाही.”

“अजून मी विचारलं कुठं?”

“बरं, विचार.”

“यंदा नाव कोरणार का?”

“नाही.”

“बरं. पाय कसा आहे तुझा?”

“दुखतो. कॉफी घेतेस?”

“कोरल्यावर घेईन.”

गावाने याची आधी चेष्टा केली, मग त्याला सवय झाली. शिडाची जहाजे गेली, डोऱ्या परसात उलट्या पडून त्यांत फुलझाडे लावली गेली. कारखान्यात सलोमी मुकादम झाली. बायकांना सभागृहाचे दार उघडले, तेव्हा ती आत जाऊन विचारू लागली. कप्तान नॉस गेले. मध्यंतरी आणखी एका युद्धाला, कोरियाला, गावातून दोन मुले गेली आणि त्यांपैकी एकाचे नाव शिळेवर आले, कारण तो गणवेशात होता. सलोमी त्याच्या आईकडे पाव घेऊन गेली. तिच्या मागणीत दुसऱ्या कोणाच्या नावाला विरोध कधीच नव्हता.

शेवटी समुद्रातला कॉडच संपत आला, कारखान्याची पाळी बंद झाली. त्याच सुमारास ओटावातल्या संसदेने मालवाहू जहाजांवरच्या खलाशांना माजी सैनिकांच्या कायद्याखाली आणले. १९९३च्या उन्हाळ्यात एलरी वेंटझेल काठी टेकत सलोमीच्या घरी आला. ती चौऱ्यांशी वर्षांची होती. अर्डिथ सुट्टीसाठी आली होती; तिने दार उघडले.

“अजून ऑक्टोबर आला नाही,” सलोमी आतून म्हणाली.

“या वेळी मी आलोय. सांगायला.” तो खुर्चीत बसला आणि त्याने श्वास घेतला. “गणवेशाची अट गेली. सरकारनं कायदा केला.”

“म्हणजे ओबेड यंदा युद्धात मेला.”

एलरी म्हणाला, “नाव खाली येईल, झिंकच्या नंतर. हार्वेच्या खाली जागा नाही. दगडात मध्ये काही घालता येत नाही.”

“खाली चालेल. पण वर्ष लिहा.”

“बेचाळीस. लिहितोच आहोत.”

“ते नाही. कोरलं ते वर्ष. त्र्याण्णव.”

“असं कोणाचंच नाही गं.”

“कोणाला एवढं थांबावंही लागलं नाही. तुमच्या शिळेवर सगळे क्रमानं आहेत, एलरी. उद्या एखादं पोर वाचेल, वेंटझेल, झिंक, आणि मग वेस्टहेव्हर. त्याला वाटेल, कोरणाऱ्याला वर्णमाला येत नव्हती.”

अर्डिथ हसली. एलरीलाही हसू आले, ते त्याने आवरले. “समितीपुढं ठेवतो. मानणार नाहीत ते.”

“तू काय म्हणशील त्यांना?”

त्याने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. “म्हणीन, आमच्याकडून राहिलं होतं.”

“राहिलं नव्हतं. दर वर्षी तू नाही म्हणालास.”

“हो,” एलरी म्हणाला. “म्हणालो.”

सलोमीने अर्डिथला कॉफी ठेवायला सांगितले.

समितीने मानले नाही. शिळेवर मृत्यूचे वर्ष असते, शिळा कोरल्याचे नसते. नियम जुना होता आणि सर्वांना सारखा होता. ११ नोव्हेंबरला एलरीने नावे वाचली आणि झिंकनंतर थांबून, स्पष्ट आवाजात, ओबेड वेस्टहेव्हर असे वाचले. संयोजकांनी अर्डिथपुढे पुष्पचक्र धरले. ती एकोणसाठ वर्षांची होती. “ते मुलांचं काम असतं,” ती म्हणाली, आणि आईचा दंड धरून उभी राहिली. ते चक्र सभागृहाच्या एका सभासदाने ठेवले.

सलोमी १९९६च्या मार्चमध्ये वारली. तोवर आणखी दोन वर्षे ऑक्टोबरात ती सभागृहात गेली. आता प्रश्न वर्षाविषयी होता. अर्डिथ निवृत्त होऊन त्याच घरात राहायला आली आहे आणि तोच प्रश्न विचारते. समितीत आता एलरी नाही. तरुण माणसे आहेत, सभ्य आहेत, आणि नाव तर मिळाले ना, असे तिला मनापासून विचारतात.

नाव मिळाले. ते सेहेचाळीस वर्षे या गावाने नाकारले होते, हे शिळेवर लिहायचे बाकी आहे.